दिनानाथ तांडेलच्या सहा खुणा

भिंत हिरवी होती. हिराकाकीच्या घराची समुद्राकडची उंच भिंत. यंदाच्या चैत्रात तिच्या मुलाने तारापूरच्या अणुभट्टीच्या कामावर मिळालेल्या पगारातून तिला तेलाचा रंग लावून घेतला होता, मिठाईवाल्याकडच्या पिस्त्याच्या बर्फीचा रंग, आणि सातपाटी गावातल्या बायकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या भिंतीवर काठी रोखून जमनाचे वडील, दिनानाथ तांडेल, चार गोऱ्या पाहुण्यांना सांगत होते, "बगा, कशी पांढरी सफेद हाय! दर सालाला चुना. समुद्रातनं दोन कोसांवरनं दिसते." आणि मग ते जमनाकडे वळून थांबले, कारण त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायला जमना होती. निळ्या फ्रॉकमधली मडम भिंतीकडे बघत होती, मग जमनाकडे. जमनाचं तोंड उघडंच राहिलं. पालघरच्या शाळेत सात वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला 'पांढरा' हा शब्द आठवू नये असं नव्हतं. मग तिचाच आवाज तिला ऐकू आला. ही भिंत नेहमी पांढरी असते, असं ती इंग्रजीत सांगत होती. मडमने मान हलवली. इथली रीत असेल एखादी, असं तिला वाटलं असावं. दिनानाथ तांडेल खूश होऊन पुढे चालू लागले, काठी आधी टेकवून, मग पाऊल.

ती काठी नवी होती. जमनाने सकाळीच ती बघितली होती आणि सहासष्टाव्या वर्षी माणसाने काठी घेतली तर काय बिघडलं, असं म्हणून सोडून दिलं होतं. आता त्या काठीमागे चालताना एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहू लागली. महिन्यामागे त्यांनी तिला पेपर वाचून दाखवायला सांगितलं होतं, चष्मा सापडत नाही म्हणून, आणि चष्मा तर त्यांच्या खिशात होता. जेवताना ते बोईट माशाचा काटा बोटांनीच चाचपून काढायचे; पूर्वी डोळ्यांनी हेरून एका झटक्यात काढायचे. अंगणात कोणी आलं की ते आधी बोलायचे नाहीत, समोरचा बोलेपर्यंत थांबायचे, आणि म्हातारपणी स्वभाव मवाळ झाला म्हणून जमनाला उलट बरं वाटायचं. दर रविवारी ती पालघरहून एसटीने यायची, भाजी आणायची, त्यांचे कपडे धुवायची, बोलायची, हसायची. आणि तिने बघितलं काय? काहीच नाही. डोळे कोणाचे गेले होते हा प्रश्नच होता, असं तिला वाटलं, आणि स्वतःची अशी चीड आली की पायातली चप्पल काढून स्वतःलाच मारावी. चार दिवसांवर नारळी पुनव होती. पुनवेला नारळ समुद्राला दिला की बोटी पाण्यात जाणार, आणि दिनानाथ तांडेलची बोट दरसालप्रमाणे पहिल्या पाचांत जाणार, बोटीचे तांडेल, म्हणजे म्होरके, म्हणून सुकाणूवर ते स्वतः आणि बोटीत सहा माणसं. सहा माणसं आणि भिंत कोणत्या रंगाची ते न दिसणारा तांडेल.

पाहुण्यांची ही फेरी निघाली ती आयर्लंडच्या साहेबामुळे. तो तारापूरच्या कामावर समुद्रातल्या बांधकामाचा देखरेख्या होता, रापलेल्या लाल मानेचा, बोलताना खालच्या ओठावर हात फिरवायची सवय असलेला. त्याचं गाव म्हणे आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं जुनं मच्छीमारांचं बंदर. तिथे रविवारी एक म्हातारा पाहुण्यांना पायी गावातून फिरवतो, ही कमान कोणी बांधली, या पायऱ्यांवरून कोण गेलं आणि परत आलं नाही, असं सांगत सांगत. सातपाटीलाही असं कोणी फिरवील का, असं त्याने हेडमास्तरांना विचारलं, हेडमास्तरांनी जमनाला विचारलं, आणि जमनाने वडिलांना विचारलं ते खरं तर नाही म्हणतील या खात्रीने. दिनानाथ तांडेल पाहुण्यांना चहा पाजणारे, पण आपल्याबद्दल अवाक्षर न बोलणारे. ते जाळ्याची गाठ मारत बसले होते. त्यांनी ती गाठ पुरी केली. मग म्हणाले, "आन त्यांना. पन तू बोलायचं. मी जे सांगीन ते सगळं तू मोठ्यान् बोलायचं. एक पन सोडायचं नाय." जमनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिचा ऊर भरून आला. सबंध सातपाटीत बापाच्या शेजारी उभं राहून इंग्रजी बोलणारी पहिली मुलगी ती, आणि बापाला ते गावाला दाखवायचं आहे, असंच तिला वाटलं.

सकाळी पाहुण्यांची जीप रस्त्याने गावात आली तेव्हा दिनानाथ तांडेलनी पहिलं वाक्य टाकलं, "रस्त्याने आलात म्हंजे तुमी मागच्या दाराने आलात. गावाचं तोंड तिकडं हाय." आणि त्यांनी पाहुण्यांना काही न दाखवता गल्ल्यांतून सरळ किनाऱ्यावर नेलं. बोटी वर ओढून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर झावळ्यांची छपरं. बायका लाकडांना तेल चोळत होत्या, तेलाचा आणि सुक्या बोंबलांचा वास हवेत उभा होता. समुद्राकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून त्यांनी पाहुण्यांना उभं केलं, म्हणजे आत्ताच बोटीतून उतरलेत असं. "आता बगा," ते म्हणाले, "आता गाव दिसलं." आयर्लंडचा साहेब हसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं. त्याच्या गावातही घरांची तोंडं बंदराकडे आणि पाठी रस्त्याकडे असतात, असं तो म्हणाला, आणि जमनाने ते बापाला सांगितल्यावर बापाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग हा आपल्यातलाच."

घोटाळा सुरू झाला तो तिथून गावाच्या वरच्या टोकाला जाऊन परत समुद्राकडे चालू लागल्यावर. रामाच्या देवळाजवळ दिनानाथ तांडेल म्हणाले, "उजव्या अंगाला भंडाऱ्यांच्या वाडीतला दोन शेंड्यांचा ताड. त्याच्या दोन शेंड्यांच्या मधोमध मागं आशेरीचा डोंगर आला, म्हंजे पयली रेघ सापडली." जमनाने ते सांगितलं. चारही गोऱ्या माना उजवीकडे वळल्या, तिकडे एक गोठा होता आणि गोठ्यात एक म्हैस. ताड डावीकडे होता. सगळे हसले, म्हैससुद्धा बघत राहिली. जमनाही हसली. पुढच्या नाक्यावर, रामाच्या देवळाचा कळस सांगताना, पुन्हा तेच झालं, डावं म्हणजे उजवं आणि उजवं म्हणजे डावं. बाबांचं वय झालं, असं ती मनात म्हणाली आणि परस्पर दुरुस्त करून सांगू लागली, तर बाप गरजला, "मी सांगतोय तसंच सांग! उलटं करू नको." त्यांच्या आवाजात लाटेवरून हाक मारायची ती जुनी धार होती. आणि जमनाच्या लक्षात आलं की ते चुकत नव्हते. ते चालत होते गल्लीतून, गावाकडून समुद्राकडे, पण बोलत होते सुकाणूवर उभं राहून, समुद्रातून गावाकडे बघत. त्यांचं उजवं डावं पाण्यावरचं होतं. पाय जमिनीवर आणि माणूस बोटीत.

खूण म्हणजे काय हे जमनाला पुरतं ठाऊक होतं, पण एकही खूण तिला दिलेली नव्हती. डोल जाळं लावायचं ते समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटाला. खुंट पाण्याखाली, वर नुसतं पाणी, चहूकडे सारखं. तो सापडतो खुणांनी. जमिनीवरची एक जवळची वस्तू आणि तिच्या मागची एक लांबची वस्तू एकावर एक आली की आपण एका रेघेवर. अशा दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली आपला खुंट. खुणा घराण्याच्या असतात. तांडेल त्या मरायच्या आधी एकाच माणसाला देतो, आपल्या रक्ताच्या, आणि घेणाऱ्याने प्रत्येक खूण तिथल्या तिथे मोठ्याने परत बोलायची, एकदाही न अडखळता. तेवढं झालं की खूण दिली गेली. बोटीवरच्या खलाशांनासुद्धा ती सांगायची नाही. जमना नऊ वर्षांची असताना तिने बापाकडे हट्ट धरला होता, मला खुणा द्या म्हणून. दिनानाथना मुलगा नव्हता. बाप हसला होता आणि म्हणाला होता, "पोरीला खुणा दिल्या म्हंजे दुसऱ्याच्या बोटीत आपली मासळी भरली." ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बापाने तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं आणि मास्तरांना म्हणाला, हिला लई शिकवा, जितकं असेल तितकं. पुढे वीस वर्षांनी, तिला नोकरी लागली त्या दिवशी, तो एवढंच बोलला होता, "तुला खुणा देता येत नव्हत्या, मंग शाळा दिली." तिने ते वाक्य तेव्हा कौतुकाने ऐकलं होतं. आत खोल कुठेतरी ती नऊ वर्षांची पोर अजून जेवली नव्हती हे तिला आज कळत होतं.

शिरगावच्या किल्ल्याचा बुरूज, ही तिसरी खूण. बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यांचं चमकणं, ही चौथी. प्रत्येक ठिकाणी बाप थांबे, सांगे, आणि जमना मोठ्याने बोले. चौथीला तिच्या कानात बापाचे शब्द परत वाजले. मोठ्याने. एक पण सोडायचं नाही. उलटं करायचं नाही. मी सांगीन ते सगळं तू परत बोलायचं. पाहुण्यांना गाव दाखवण्याच्या मिषाने म्हातारा भर दिवसा, भर गल्लीत, अख्ख्या गावाच्या नाकावर टिच्चून आपल्या घराण्याच्या खुणा देत होता. जाळी विणणारे, तेल चोळणारे, पिंपळाखाली बसलेले सगळे ऐकत होते आणि हसत होते, तांडेल गोऱ्यांना काय काय थापा मारतोय बघा म्हणून. कोणती रेघ कोणत्या रेघेला छेदते हे घराण्याबाहेर ठाऊक नव्हतं, म्हणून ऐकूनही त्यांच्या हाती काही लागत नव्हतं. कोणाला आक्षेप घ्यायला जागाच ठेवली नव्हती. मुलीला खुणा देऊ नयेत? त्यांनी कुठे मुलीला दिल्या, ते तर पाहुण्यांशी बोलत होते. जमनाला एकाच वेळी हसू आणि रडू येऊ लागलं. तिने पदर नीट केला, ताठ उभी राहिली आणि बर्फाच्या कारखान्याचे पत्रे इंग्रजीत असे सांगितले की वर्गात कधी कविताही तिने तशी म्हटली नसेल. आयर्लंडच्या साहेबाने तिच्याकडे नीट बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. त्याने वही मिटली, पेन्सिल खिशात घातली आणि बरोबरच्या दुसऱ्या साहेबाला हळूच म्हणाला, लिहू नकोस. माझा आजा अशा गोष्टी घरातसुद्धा मोठ्याने बोलत नसे.

आणि मग पाचवी, ती भिंत. तिथे ती खोटं बोलली होती. खूण खोटी परत केली होती. आता किनाऱ्याकडे परतताना तिला कळेना, की जे मिळालं ते जपायचं की जे दिसलं ते बोलायचं. गप्प राहिली तर पुनवेला बाप बोट घेऊन जाणार, नसलेल्या पांढऱ्या भिंतीच्या भरवशावर. बोलली तर चार गोऱ्यांसमोर, सगळ्या गावासमोर, बापाचे डोळे ती आपल्या हाताने काढून वाळूत ठेवणार. ती पावलं मोजत चालली. पुढे काठी वाळूत रुतत होती, निघत होती, आणि बापाची पाठ अजून ताठ होती, त्या पाठीचा तिला अभिमान वाटत होता.

किनाऱ्यावर त्यांच्या बोटीपाशी बन्सी होता. बन्सी मूळ एडवणचा. सोळाव्या वर्षी त्यांच्या बोटीवर आला, आता तिशीचा, चौदा वर्षं एकाच तांडेलाखाली काम केलेला, कमी बोलणारा खलाशी. मागोमाग हिराकाकी आणि चार बायका गंमत बघायला आलेल्या. दिनानाथ तांडेल समुद्राकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "जमना, आता आपल्या बोलीत म्हन. पयल्यापास्नं."

तिने म्हटल्या. ताड आणि आशेरी. रामाचा कळस. बुरूज. पत्रे. बायकांचं हसणं दुसरीलाच थांबलं. आता सगळ्यांना कळलं होतं काय चाललंय ते. पाचवीला ती थांबली.

"म्हन की."

"बाबा," ती म्हणाली, आणि सात वर्षांची शाळेची भाषा तिच्या तोंडातून गळून पडली. "ती भित पांढरी नाय. हिरवी हाय."

हिराकाकी पुढे आली, तिचा चेहरा कसनुसा झालेला. "भाऊजी, पोरान् हौसेन् रंग लावला. मला काय ठाव? मी आजच चुना कालवते."

"कदी लावला?" दिनानाथनी विचारलं.

"चैतात."

त्यांचा काठीवरचा हात घट्ट झाला. "चैत, वैशाख, पाऊस लागंपर्यंत," ते सावकाश म्हणाले. "दोन म्हयने मी बोट नेली. जाळं येक दिस पन जागा चुकलं नाय." मग त्यांनी मान वळवली, बरोबर बन्सी उभा होता तिकडे. "बन्सी. मी तुला इचारायचो, भित आली काय. तू म्हनायचास, आली. काय बघून म्हनायचास?"

बन्सीने वाळूत पायाचा अंगठा रोवला. "हिराकाकीच्या कौलाचं टोक धरलं, तांडेल. भितीच्या वर हाय. रेघ तीच येते."

"आन तुला रेघ कुनी दिली?"

"कुनी नाय. चौदा वर्सं तुमच्या मानेमागं उभा हाय. तुमी जिकडं बघायचे तिकडं मी बघायचो." तो थांबला, मग एका दमात बोलून गेला, "गेल्या सालापास्नं मला ठाव हाय, तांडेल. तुमी मला इचारायचे ते तुमाला दिसायचं नाय म्हनून. मी कुनाला बोललो नाय."

जमनाला वाटलं, आता बाप कोसळेल. तिने हात पुढे केला. पण दिनानाथ तांडेल हसू लागले, आधी नाकातून, मग पोटातून, खांदे गदगदा हलवत. "माज्या बोटीवर चौदा वर्सं चोर पाळला मी!" ते ओरडून म्हणाले, आणि आवाजात इतका आनंद होता की हिराकाकीने डोळ्यांना पदर लावला. "मी याला फसवतोय, हा मला फसवतोय, आन मासळी आपली टोपलीत! हिरा, चुना नको कालवू. ऱ्हाऊ दे पोराचा रंग. कौलाचं टोक हाय." मग ते एकदम थांबले. "पाच घेतल्यास. सहावी?"

बन्सीने मान हलवली, आणि ती त्यांना दिसणार नाही हे ध्यानात येऊन बोलला, "नाय. सहावीला तुमी डोळे मिटून घ्यायचे. मंग मला कळायचं नाय."

"हां," दिनानाथ म्हणाले. तेवढंच. पण त्या एका अक्षरात चाळीस वर्षं सुकाणू धरलेला तांडेल उभा होता.

त्यांनी जमनाला हाताने जवळ ओढलं आणि तिच्या कानात सहावी सांगितली. ती काय होती ते इथे लिहायचं नाही. डोळ्यांची नव्हती, एवढं सांगायला हरकत नाही. धुक्यात, उलट्या वाऱ्यात, घरी परत यायची ती वाट होती. जमनाच्या कानाला बापाच्या दाढीचे खुंट टोचत होते, तंबाखूचा वास येत होता, आणि आतली ती नऊ वर्षांची पोर ताट ओढून जेवायला बसली होती. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती परत म्हटली. एकदा, न अडखळता. बापाने मान खाली केली, एकदाच.

निळ्या फ्रॉकमधली मडम उत्सुकतेने पुढे झाली. त्यांनी आता काय सांगितलं, तिने विचारलं, आणि सगळ्या गोऱ्या माना जमनाकडे वळल्या.

"ते पाहुण्यांसाठी नाही," जमनाने सरळ, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. आयर्लंडच्या साहेबाने मडमचा दंड धरून तिला हळूच मागे घेतलं आणि जमनाला मान लववली.

"पुनवेला सुकाणू बन्सीचं," दिनानाथ तांडेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी किनाऱ्यावर बसेन. पाच याने कमावल्या. सहावी जमनाची. ती त्याला देल का नाय देल, ते तिनं बघावं. मी आता त्यात नाय."

बायका, खलाशी, हिराकाकी, सगळे जमनाकडे बघू लागले. बन्सी तेवढा बघत नव्हता. मागायची त्याला सवय नव्हती. जमनाने समुद्राकडे बघितलं. सगळीकडे सारखं दिसणारं ते पाणी, आणि त्यात कुठे काय आहे हे आता तिला ठाऊक होतं. या बोटीत तिला कोणी कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं, आणि तिच्या तोंडून सहावी निघाल्याशिवाय ही बोट धुक्यातून घरी येणार नव्हती.

"बन्सी," ती म्हणाली, "उद्या शाळेत मी रजा टाकते. सकाळच्या ओहोटीला हितं ये. आन पाठ होयपर्यंत उठायचं नाय."

"व्हय, तांडेल," बन्सी तिला म्हणाला. दिनानाथ तांडेल त्या हाकेला वळले नाहीत.